नावं ठेवणारी

“ह्याला हाक मारून बघा, सर.”

उजव्या हाताचं बोट स्क्रीनवरच्या एखाद्या शब्दावर टेकवायचं, मान थोडी कलती करायची आणि एवढंच म्हणायचं, ही तिची पद्धत. काच तेलकट व्हायची. आमच्याकडे काम करणारा परळीचा रशीद रोज सकाळी तिच्या बोटांचे ठसे फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, “आपानं कल किती शब्दांची शिकार केली, बघा सर.”

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. एका कागदावर ते मी नको त्या जागी राहू दिलं आहे. आधी तिथून ते निघायला हवं.

मी घाटनांदूरला शाळेत गणित शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर अंबाजोगाईत दोन गाळे घेऊन संगणकाचे वर्ग काढले आणि पुढे दुकानदारांच्या, शाळांच्या वेबसाइटी करून द्यायला लागलो. ती माझी शाळेतली विद्यार्थिनी. घर मेंढपाळांचं, गाव नदीकाठचं. वडील लहानपणीच गेले. चुलत्यानं वाढवलं, शिकवलं. त्यांना ती नाना म्हणायची. संगणकाची पदविका घेऊन ती आली तेव्हा मी विचारलं, “प्रोग्राम लिहिता येतो का?” ती म्हणाली, “लिहिता येतो सर. पण दुसऱ्याचा वाचायला लई आवडतो.”

असं म्हणणारं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. तुम्ही या धंद्याच्या जवळपास असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचायची वेळ आली की भलेभले चहाला उठतात.

प्रोग्राममध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे माझी नावं ठरलेली: एक्स, वाय, ए-वन, ए-टू. पहिल्याच आठवड्यात तिचं बोट माझ्या ओळीवर आलं.

“सर, ह्यो ए-वन कोण?”

“त्यात गावांची यादी आहे.”

“मग गावांची यादीच म्हणा की. ए-वन म्हणून हाक मारली तर कोण येईल? समोरचा चहावाला येईल.”

समोरच्या टपरीचं नाव खरोखरच ‘ए-वन’ होतं. रशीद खुर्चीवरून पडायच्या बेतात होता.

ही सवय तिला कळपातून लागली होती. त्यांच्यातल्या प्रत्येक मेंढराला नाव असायचं. अंगावर पांढरा पट्टा ती बांडी, कपाळावर ठिपका ती चंद्री. नाना काठावर उभे राहून नाव घ्यायचे आणि नेमकं तेच मेंढरू मान वर करायचं. “एका नावाची दोन ठेवली की झालं वाटोळं,” ती सांगायची. “हाक एकीला मारावी, यावी दुसरीच. आणि जिला खरंच बोलवायचं, ती तिकडंच राहती.”

रशीद जुन्या ओळी पुसायचा नाही. त्या नुसत्या बंद करून ठेवायचा, कधी लागल्या तर असाव्यात म्हणून. त्याच्या फाइलींत अशा बंद ओळींचा ढीग असे. ती म्हणायची, “मेलेलं मेंढरू कळपात ठेवत न्हाईत, रशीदभाई. वास सुटतो. आन् जितं कुठलं ते कळत न्हाई.”

“आपा, कभी काम आया तो?”

“मेलेलं? कशाच्या कामाला येतंय?”

तरीही तिचं बोलणं कुणाला लागायचं नाही, कारण ती आधी स्वतःचा कोड फाडायची. पाठकोऱ्या कागदांवर ओळी छापून घ्यायची आणि खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं वाचायची. आम्हालाही वाचायला लावायची. वाचताना जीभ जिथे अडेल तिथे लिहिणाऱ्याचं काहीतरी चुकलेलं असतं, असा तिचा नियम होता. सारख्या ओळी चार ठिकाणी दिसल्या की एकीकडे गोळा करायची, पानभर लांब तुकडा असला की तोडायची, वाकड्यातिकड्या ओळी एका रांगेत आणायची. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नसे. ते मी बोलूनही दाखवायचो. “अगं, पान उघडतंय ना? मग झालं.”

“आज उघडतंय सर. उद्या कुणी हात घातला तर?”

माझी एक खोड मात्र तिला आवडायची. गणितात उत्तराच्या आधी ‘म्हणून’ लिहायची सवय माझ्या हाताला इतकी बसली होती की प्रोग्राममध्येही मी ओळीपुढच्या टिपेत ‘म्हणून’ लिहायचो. “सर, तुमची ओळ लांबून ओळखू येती,” ती म्हणायची. “अक्षर सगळ्यांचं सारखं असलं तरी कोडमधी बी हस्ताक्षर असतंय. तुमचं हे म्हणून.” बाकी सगळं ती बदलायची, ‘म्हणून’ राहू द्यायची.

नाना कधी बाजारच्या दिवशी यायचे. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आत यायचा आग्रह केला तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, “मास्तर, पोरगी हितं करती तरी काय दिसभर?”

मी म्हणालो, “नावं ठेवते.”

नाना तोंडावर हात ठेवून हसले. “घरी बी तेच करती.”

मग एक कंत्राट आलं. आमच्या भागातल्या एका लहान धरणातून शेतीसाठी पाळीनं नदीत पाणी सोडत. उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं असतं. वर आभाळ स्वच्छ आणि खालून अचानक पाणी येतं. पात्रात गुरं असतात, मोटारी असतात, धुणं वाळत असतं. आदल्या दिवशी गावोगावी दवंडी देत, ती कुठे पोचे, कुठे नाही. धरणाच्या कार्यालयाला हवं होतं वेबसाइटीवर एक पान. तिथल्या बाबूनं सूचना भरली की ती पानावर दिसावी आणि त्याच क्षणी काठच्या गावांतल्या लोकांच्या मोबाईलवर मेसेज जावा.

गावांच्या यादीत तिचं गाव होतं. फोन नंबर भरताना पहिला तिनं नानांचा भरला. नानांना वाचता येत नव्हतं. “फोन वाजला की कुणाकडून बी वाचून घ्यायचं,” असं तिनं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं.

मुख्य भाग रशीदनं लिहिला आणि पुढच्याच महिन्यात तो हैदराबादच्या नोकरीवर गेला. जाताना तिला म्हणाला, “आपा, मेरे मुर्दे संभालो.” त्याच्या फाइलींत मला एक भर घालायची होती. कार्यालयाचं म्हणणं, होऊन गेलेल्या सूचना पानावर दिसू नयेत. सोपं काम. मी फाइल उघडली, तर रशीदनं एक नाव आधीच तयार करून ठेवलेलं होतं. रोमन लिपीत तीन अक्षरं: के, ए, एल. मी वाचलं ‘काल’. वा, म्हटलं, आयतंच मिळालं. मी ओळ लिहिली: सूचनेची तारीख ‘काल’ असेल तर दाखवू नये, मेसेजही धाडू नये. पुढे टीप, म्हणून.

रशीदच्या घरी दखनी बोलतात. दखनीत ‘कल’ मागचाही असतो आणि पुढचाही. रशीदनं तो पुढचा ठेवला होता. त्याचा ‘कल’ म्हणजे उद्या.

म्हणजे माझ्या ओळीनं कालची सूचना लपत नव्हती. उद्याची लपत होती. आम्ही तपासणी नेहमी त्या दिवसाची तारीख घालून करायचो, त्यामुळे सगळं ठीक दिसायचं.

हे तिला सापडलं. नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचताना ती थांबली. मग बोट काचेवर टेकवलं.

“सर, ह्याला हाक मारून बघा.”

“काल.”

“आता रशीदभाई होऊन मारा.”

मी ‘कल’ म्हणालो आणि माझ्या लक्षात आलं. मला हसू फुटलं. ती हसली नाही.

“पाणी येणार त्याच्या आदल्या दिशी हे पान गप बसंल, सर. आन् आपल्याला कळणार बी न्हाई, कावून की गप बसणं दिसत न्हाई.”

तिनं तीन दिवस घेतले. सगळ्या फाइली वाचल्या आणि ज्या दोन फाइलींत ते तीन अक्षरी नाव होतं, तिथून ते काढलं. त्याच्या जागी ‘उद्या’ आणि ‘होऊन गेलेलं’ अशी दोन वेगळी नावं ठेवली. मी म्हणालो, आता ‘परवा’ पण ठेव. तेव्हा मात्र ती हसली. “परवा तर आपल्यातबी दोन्हीकडं जातो. त्याला मी दारातच उभं करीन, नानांसारखं.”

उद्घाटनाच्या दिवशी तिच्या बहिणीची हळद होती. जाताना तिनं माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: ‘सर, दोन्ही फाइली सर्व्हरवर एकदमच चढवा. एक चढवली तर पान उघडणार नाही.’

चिठ्ठी मी वाचली होती. सकाळी पाहुणे यायच्या गडबडीत एक फाइल चढवली, तेवढ्यात कार्यालयातून फोन आला, बोलत बोलत मी दुसरी विसरलो. पान पांढरं पडलं. बाहेर जीप थांबलेली, हार आलेले. मी तिचा संगणक तिच्या पासवर्डनं उघडला. पासवर्ड तिनंच मला सांगितलेला होता, तिच्या माघारी अडू नये म्हणून. त्यात तिच्या दुरुस्तीआधीची जुनी प्रत होती. ती मी परत लावली. कुठलाही बदल चढवताना सोबत टीप लिहावी लागते. मी लिहिलं: ‘पान उघडत नव्हतं, जुनी प्रत लावली, म्हणून.’

पान उघडलं. पाहुण्यांनी बटण दाबलं. त्या दिवसाच्या तारखेची चाचणीची सूचना सगळ्या गावांत गेली, नानांच्याही फोनवर. टाळ्या वाजल्या. सर्व्हरचा ताबा कार्यालयाकडे गेला.

दोन दिवसांनी ती आली. हाताला हळद होती. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, “सर, दोन्ही फाइली चढवल्या ना?”

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एक अक्षर. नंतर सांगू, कार्यालयाकडून ताबा मागू, बदलून टाकू, असं मनात होतं. पण एकदा हो म्हटल्यावर ते सांगणं दिवसागणिक अवघड होत गेलं. ती माझ्यावर विश्वास ठेवून पुढच्या कामाला लागली. मी रोज तिच्या पाठीमागून जायचो आणि दर वेळी वाटायचं, आता बोट काचेवर टेकवील आणि मान कलती करील.

पहिली पाळी चैत्रात सुटली. बाबूनं नियमाप्रमाणे आदल्या दिवशी सूचना भरली. पान गप्प बसलं. एकाही फोनवर काही वाजलं नाही.

दुपारी मेंढरं पात्रातल्या दरडीच्या सावलीला बसलेली होती. नाना काठावर भाकरी खात होते. पाणी आधी वाळूतून पाझरत येतं, मग आवाज येतो. नाना उभे राहून एकेकीचं नाव घेऊन हाका मारत होते, असं पलीकडच्या मळ्यातल्या माणसांनी सांगितलं. नाव घेतलं ती वर येत होती. पण एकेक नाव घ्यायला वेळ लागतो. दरडीच्या पार कडेची काही उरली तेव्हा नाना खाली उतरले.

त्यांचं घोंगडं काठावरच राहिलं. घोंगड्यात फोन होता. त्यावर शेवटचा मेसेज उद्घाटनाच्या दिवसाचा.

तेराव्यानंतर चौकशी बसली. आमच्याच गाळ्यात, टेबलं जोडून. दोन अधिकारी आले होते. एकानं बदलांची नोंद पडद्यावर उघडली. प्रत्येक बदलापुढे नाव, दिवस, वेळ असते. शेवटच्या बदलापुढे तिचं नाव होतं.

“ही जुनी फाइल तुम्ही परत लावली?”

“न्हाई साहेब. मी त्या दिशी गावात व्हते. हळद व्हती.”

“पासवर्ड तुमचाच ना?”

“माझाच हाय.”

“घरून पण लावता येते. आणखी कुणाला माहीत होता पासवर्ड?”

ती पडद्याकडे बघत होती. नोंदीच्या खाली टीप होती. ती अक्षरं वाचताना तिच्या चेहऱ्यावर काय झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. राग नव्हता तो. ओळख पटल्यासारखं काहीतरी होतं.

ती उठली. पडद्यापाशी गेली आणि त्या टिपेवर बोट टेकवलं.

“सर, एवढं मोठ्यानं वाचा.”

अधिकारी माझ्याकडे वळले. मी चष्मा लावला.

“पान उघडत नव्हतं,” मी वाचलं. “जुनी प्रत लावली.”

आणि थांबलो.

तिचं बोट शेवटच्या शब्दाखाली होतं. ते हललं नाही. गाळ्यात पंख्याचा आवाज येत होता. समोरच्या टपरीत कुणीतरी कप विसळत होतं. ती वाट बघत होती. कळपातलं एखादं मागे राहिलं की जशी बघत असेल, तशी.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

तिनं बोट काढून घेतलं. “मग माझंच नाव असू द्या, साहेब,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

अहवालात चूक करणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं गेलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

त्या संध्याकाळी दुरुस्तीसाठी ताबा आमच्याकडे होता. मी काही बोलायच्या आत ती संगणकापुढे बसली. तासभर बसली असेल. दोन्ही फाइली एकदम चढवल्या. उद्याची तारीख घालून तपासलं. टेबलावरचा माझा फोन वाजला, तसा मी दचकलो. तिनं फडकं घेतलं, स्क्रीनवरचे आपल्या बोटांचे ठसे पुसले आणि चप्पल घालून निघाली.

मग सहा महिन्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या एका कंपनीतून मला फोन आला. तिनं तिथे अर्ज केला होता. मुलगी कशी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “एक चौकशी झाली होती.” त्यांनी आभार मानून फोन ठेवला. तेव्हा मला कुणी अडवलेलं नव्हतं. समोर अधिकारी नव्हते, हार नव्हते, जीप नव्हती. तरीही मी तेच केलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गाळे मी बंद केले. ते पान मात्र चालू आहे. बाबू बदलले, धरणाची पाळी बदलली, तरण्या पोरांनी त्या फाइलींत भर घातली, तरी ते कधी चुकलं नाही. मागच्या महिन्यात एकानं मला भेटून सांगितलं, सर, तुमचा कोड वाचायला इतका सरळ आहे की कुणाला काही विचारावंच लागत नाही. ‘तुमचा’ म्हणाला तो. मी त्याला म्हटलं, जरा उघडून दाखव.

त्यानं दाखवला. प्रत्येक नाव आपल्या जागेवर होतं. रशीदचे मुर्दे गेलेले, सगळ्या ओळी एका रांगेत. माझी ती चुकीची ओळ नव्हती, पण तिच्या जागी आलेल्या ओळीपुढे टिपेत एकच शब्द होता: म्हणून. पुढे काही नाही. त्या मुलानं विचारलं, “सर, हे अर्धवट कशाला ठेवलंय?” त्या संध्याकाळच्या तासाभरात बाकी सगळं साफ करून तिनं तेवढं एक माझ्यासाठी राहू दिलं होतं.

ते आता पुरं करतो. पान उघडत नव्हतं. जुनी प्रत मी लावली. दोन्ही फाइली चढवल्या, असं खोटं मी सांगितलं. चौकशीत शेवटचा शब्द मी गिळला. म्हणून नाना गेले, आणि म्हणून एका निर्दोष मुलीचं नाव त्या रकान्यात आहे. एवढंच सहीनिशी लिहून मी मागच्या आठवड्यात कार्यालयात दिलं. तिथला बाबू कागद उलटसुलट करून म्हणाला, “आता कशाला, आजोबा? तुमाला कोण काय विचारतंय?”

तिथून मी तिच्या गावाकडे गेलो. नक्कल हातात द्यायची होती. घरी कळलं, ती मेंढरांमागे नदीला गेली आहे. नानांचा कळप आता तीच राखते.

पात्र कोरडं होतं, आभाळ स्वच्छ. दरडीच्या सावलीला मेंढरं बसली होती. ती पलीकडच्या काठावर होती, खांद्यावर घोंगडं. मी वाळूत उतरलो. मधोमध आलो आणि पाय पुढे जाईनात. हाक मारायला तोंड उघडलं. तिचं नाव जिभेवर होतं, पण ज्या कागदावर मी ते राहू दिलं तो कागद अजून तिथेच होता, आणि आवाज फुटला नाही.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. पलीकडे तिचाही वाजला. आम्ही दोघांनी वाचलं: ‘उद्या दुपारी नदीपात्रात पाणी सोडण्यात येईल.’

तिनं फोन कनवटीला खोचला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. बांडी. चंद्री. एकेक मान वर करून उठत होती, दरड चढून तिच्याकडे जात होती. घाई नव्हती, उद्यापर्यंतचा वेळ तिनंच सगळ्यांना मिळवून दिला होता. शेवटचं मेंढरू वर गेलं आणि पात्रात मी एकटा उरलो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही. मी वळलो आणि आलो त्या काठाकडे चालू लागलो. वाळूत पाय रुतत होते. वर पोचून मागे बघितलं, तर ती अजून तिथेच उभी होती, पात्रात कुणी राहिलेलं नाही ना, ते बघत. मी वर चढल्याचं पाहिलं, मगच ती वळली.